मामाचं नख

भाऊबीजेच्या सकाळी वहिनीने पेटीतून चिंधीची एक पुरचुंडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "वन्सं, येवढं चिंचंनं घासून द्या, न् काळ्या दोऱ्यात ओवा. सांजच्याला बाळाच्या गळ्यात घालू." पुरचुंडी सोडायच्या आधीच आत काय आहे ते माझ्या बोटांना कळलं. मामाचं नख.

आमच्या घरात त्याला हेच नाव. चांदीच्या कोंदणात बसवलेलं वाघाचं नख, टोकाला जरासं झिजलेलं, मुळाशी पिवळट. माझा धाकटा भाऊ गणू हे गळ्यात घालून लहानाचा मोठा झाला. आज तो गावचा पाटील आहे, मिशांना पीळ देतो, आणि थोरल्या लेकीच्या, ठकीच्या, पाठीवर इतक्या वर्षांनी त्याला मुलगा झाला आहे. वहिनीला वाटतं, नवऱ्याच्या कुणा मामाने हौसेने हा दागिना घडवून दिला असणार. तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नाही. मी नेरळहून दर दिवाळीला येते, सासरच्या, शेजारच्या, माथेरानच्या डोंगरावर चाललेल्या नव्या रुळांच्या सगळ्या गोष्टी जिभेचा पट्टा सोडून सांगते, आणि ही एक तेवढी गिळून परत जाते. बोलकी म्हणून माझा लौकिक आहे. तो खोटा आहे.

चिंचेचा कोळ घेऊन मागच्या पडवीत बसले. समोर कापलेल्या भाताचे भारे पडले होते. त्या ओल्या पेंढ्याचा वास, वर उटण्याचा, त्यात चुलीवरच्या गुळाचा. हा वास आला की मी पुन्हा परकर सावरत खळ्यात धावते, आणि आई आतून ओरडते, "अगं रांडं, दिवा इझंल ना!"

आमचं गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, डोंगर जिथे खाली येऊन शेतात पाय सोडतो तिथलं. माझ्या लहानपणी घाटातली आगगाडी नवी होती. इंजिन धापा टाकत वर चढू लागलं की म्हातारी माणसं हात जोडत. कोणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो आवाज थांबला की मग रानाचा आवाज यायचा. भेकराचं भुंकणं, टिटवी, आणि कधीतरी, थंडी पडायच्या सुमाराला, त्याचा. त्याला आम्ही वाघ म्हणत नसू. बायका म्हणत 'मोठा'. गडी म्हणत 'डोंगरवाला'. आवाज आला की गोठ्यातली गुरं उभी राहत, आई हातातलं काम थांबवून ऐके, आणि आम्हाला म्हणे, "मामा आला रं."

गावाच्या वर, ऐनाच्या झाडांत, वाघोबाची फळी होती. दगडाची, पुरुषभर उंचीची, वर चंद्र-सूर्य कोरलेले आणि खाली वाघ. कोरणाऱ्याने वाघ कधी पाहिला नसावा. तोंड मांजराचं, शेपूट पाठीवर वळवलेलं. शेंदराचे थर इतके बसले होते की डोळे बुजून गेले होते. वाघबारशीला गावाने तिथे बकरं बांधून यायचं, हात जोडायचे, आणि मागे न बघता खाली उतरायचं. सकाळी दावं तुटलेलं असे. मग वर्षभर आमच्या गावचं जनावर त्याने न्यायचं नाही, असा करार. कोणी लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. नेलंच एखादं वासरू तर लोक म्हणत, आपल्यातलंच कोणीतरी काहीतरी चुकलं असेल.

आईला भाऊ नव्हता. खालापूरकडचं तिचं माहेर पटकीत एका पावसाळ्यात बसलं. चुलत्याने लग्न लावून दिलं आणि हात झटकले. भाऊ नसलेल्या बाईने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, ही रीत. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला सासूने तिला अंगणात उभं केलं. आई म्हणाली म्हणे, "ह्यो सगळ्या जगाचा भाव. ह्याला माजी वळख काय ऱ्हानार?" आणि दुसऱ्या वर्षी दिवसाउजेडी ताट घेऊन ती सरळ वाघोबाच्या फळीकडे गेली. कुंकू लावलं, ओवाळलं, पानावर भात, वडे, खीर आणि बोकडाची तंगडी ठेवली आणि उतरून आली. गाव हसून हसून दमलं. मग सवय झाली. मग कौतुकही वाटू लागलं. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, चावडीवर कोणी ना कोणी विचारीच, "काय पाटील, मेव्हनं कसं हायत? दिवालीला येनार का?" आबा हसत. पण मेहुण्याची चेष्टा वर्षानुवर्षं ऐकून घेणं सगळ्यांना जमतं असं नाही.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. गणूचं जावळ त्या फळीपुढे काढलं. आईने त्याला दगडाला टेकवून बसवलं, न्हाव्याने वस्तरा लावला, आणि नेहमी भोकाड पसरणारा गणू त्या दिवशी शेंदूर चाटत गप्प बसला. त्याचं ते अर्धं भादरलेलं, नारिंगी तोंड माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. आई म्हणाली, "बगा, मामाच्या मांडीवर कसा निवांत हाय." तिला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, दवंडी आली. वाघ मारून त्याचं कातडं आणि मुंडकं कचेरीत दाखवील त्याला सरकार रोख बक्षीस देईल. दवंडी पूर्वीही येत असे आणि जात असे. त्या वर्षी मात्र कुंभिवलीकडच्या एका गड्याने कातडं नेलं, आणि साहेबाने त्याला सगळ्यांदेखत खुर्चीवर बसवलं, पागोटं दिलं. आबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बाजारातून आले ते बराच वेळ ओटीवर पाय खाली सोडून बसून राहिले. त्यांना पैसा हवा होता, की पागोटं, की चावडीवरचं ते हसू एकदाचं बंद करायचं होतं, मला आजही सांगता येत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्या भाऊबीजेचा दिवस मला वासावासाने आठवतो. आई पहाटेपासून वडे तळत होती. आबा गोठ्यामागे पाट्यावर काहीतरी वाटत बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "लांब ऱ्हा. उंदरांचं औषद हाय." काजऱ्याच्या बिया होत्या त्या. रानात काजऱ्याची झाडं खूप. फळ नारिंगासारखं देखणं, पण आम्हा पोरांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं, हात लावायचा नाही. मग आबांनी बोकडाची तंगडी स्वतः साफ केली, स्वतः पळसाच्या पानांत बांधली, आणि आईच्या ताटात आणून ठेवली. एरवी या ताटाकडे ते पाहतसुद्धा नसत.

आई चमकली, मग पदर तोंडाला लावून हसली. "आज मेव्हन्याची लय आठवन झाली?"

आबा म्हणाले, "सन हाय. जा, दिवस मावळाच्या आत परत ये."

मी दिवा धरला होता, आई ताट घेऊन पुढे. वाटेत ती गाणं गुणगुणत होती. फळीपाशी तिने कुंकू लावलं, ओवाळलं, पान उलगडून तंगडी मध्यावर ठेवली, आणि शेंदरातल्या त्या बुजलेल्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "ह्या साली दाजींनी सोता धाडलंय बरं का. पोटभर खा." मग आम्ही मागे न बघता खाली आलो. रीतच होती ती.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ढोल वाजू लागला. ओढ्याच्या काठाला डोंगरवाला पडला होता, फळीपासून हाकेच्या अंतरावर. गाडीला बैल जुंपायला गेले तर बैलांनी वासानेच दावी तोडली. शेवटी बांबूला बांधून गड्यांनी खांद्यावर आणला. आमच्या खळ्यात ठेवला. केवढा होता! पाय ताठ झाले होते, मान मागे ओढली गेली होती, दातांत चिखल आणि गवत. मी गर्दीत घुसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. केस वरून राठ, आत मऊ आणि दवाने ओले. मला फार अभिमान वाटला. वाघ मारणाऱ्याची लेक म्हणून मी त्या दिवशी साऱ्या पोरींना हुकूम सोडत होते.

रणातून आलेल्याला दारात ओवाळायचं असतं. कोणीतरी आईला हाक मारली, "वयनी, आरती आना!" आई ताट घेऊन आली. उंबऱ्यात थांबली. एखाददुसरा वाघ मेलेला पाहणं तिला नवं नव्हतं; तो कुठला असेल, कोणाचा असेल, असंच तिला आधी वाटलं असावं. ती पायऱ्या उतरली, त्याच्याभोवती फिरली. शेजारचा तुका कौतुकाने सांगत होता, "बार नाय, भाला नाय, अंगावर टोचा पन नाय. असा वाघ मारला पाटलानं!"

आई म्हणाली, "मंग मेला कशानं?"

ढोलवाल्याने हात थांबवला. आबा पागोट्याचा शेव नीट करत राहिले. तुका बिचारा भला माणूस, त्याला वाटलं कौतुकात वहिनीचाही वाटा हवा. तो म्हणाला, "अवो वयनी, तुमच्याच ताटानं की!"

आईने हातातली आरती खाली ठेवली. टाकली नाही, आपटली नाही. जमीन पाहून, जागा करून ठेवली. मग विहिरीवर गेली आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. माहेरची मृत्यूची बातमी आली की बाया घेतात तसं. लग्न झालेल्या लेकीला माहेरचं सुतक तीन दिवस. तिने ते पुरं पाळलं. वेगळी बसली, अळणी खाल्लं, जमिनीवर निजली. बाहेर खळ्यात त्याच वेळी कातडं काढणं चाललं होतं. मिशा विषारी म्हणून त्या आधी जाळल्या. त्या जळक्या केसांचा वास घरात भरला आणि दिवाळीच्या उटण्यात मिसळून गेला. चरबी वातावर औषध म्हणून बायका वाट्या घेऊन आल्या. त्यांतली कोणी आईकडे बघत नव्हती.

आबांना खुर्ची मिळाली, पागोटं मिळालं. नखं गड्यांनी वाटून घेतली होती, त्यातलं एक आबांनी खालापूरच्या सोनाराकडून चांदीत मढवून आणलं. गणूच्या गळ्यात बांधलं, आणि घर जरा हलकं करावं म्हणून की काय, म्हणाले, "मामानं भाच्याला काय तरी द्याया नको व्हय?"

आणि एकटेच हसले.

पुढच्या वाघबारशीला गावाने रीतसर बकरं वर बांधलं. सकाळी ते दावं ओढत, बें बें करत स्वतःच्या पायांनी घरी आलं. ओटीपुढे उभं राहिलं. त्याला गोठ्यात घ्यावं की हाकलावं, कोणालाच कळेना. कापायला तर कोणी पुढे येईना. ते बकरं गावात म्हातारं होऊन मेलं, आणि ते वाटेत आडवं आलं की माणसं खाली बघत बाजूने जात. रानाचा आवाजही गेला. इंजिन घाटात धापा टाकायचं, थांबायचं, आणि मग काही नाही. डुकरांनी शेतं उकरली तेव्हा लोक चडफडले; पण डोंगराकडे बघून कोणी तोंड उघडलं नाही.

शेजारणी आईला समजावून गेल्या, आता तरी चंद्राला ओवाळ. आई म्हणाली, "चांदाला ववाळायचं ते भाव नसलेल्या बाईनं. मला भाव व्हता." पुन्हा ती फळीकडे गेली नाही. गणूच्या गळ्यातलं नख तिने काढलंही नाही. त्याला न्हाऊ घालताना ते बोटाने बाजूला सारी, जसं एखाद्याचा हात बाजूला करावा.

एवढ्याने संपलं असतं तर मी सहन केलं असतं. पण मी गणूला ओवाळायची. आणि भाऊबीजेच्या त्या ताटातला एकूण एक जिन्नस आई आधी स्वतःच्या तोंडात घाली. चिमूटभर भात, करंजीचा कोपरा, खिरीचं बोट. मग डोळे मिटून थांबे. बराच वेळ. ताट माझ्या हाती मग येई. भावाला उष्टं ताट? बायका कुजबुजल्या. पहिल्या वर्षी आबा म्हणाले, "अगं, काय करतीस ह्ये?" आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षापासून भाऊबीजेच्या संध्याकाळी आबांना शेतावर काहीतरी काम निघू लागलं. ताटं उचलली गेली की ते परत येत, हातपाय धुवत आणि आपण होऊन जेवायला मागत नसत. मरेपर्यंत हे असंच चाललं. त्यांचं ताट मात्र आईने कधी चाखून वाढलं नाही. मला वाटतं, कधीतरी ती तेही चाखेल याची ते वाट बघत असावेत.

दोघंही गेली. आई गेली तेव्हापासून ताट मी चाखते. वहिनी याला सासूबाईंची रीत म्हणते.

चिंचेने नख लखलखीत झालं. मी दोरा ओवला. ओवताना मनाशी म्हणत होते, आता सांगावं, आता तरी; आणि गाठ मारून वहिनीच्या हातात दिलंसुद्धा. तिने बाळाच्या गळ्यात घातलं. छान दिसलं. ही लाज तरी किती सोयीची, कुठल्याही नाजूक गळ्यात शोभते.

दिवेलागणीला पाट मांडले. गणू बसला. मी करंजीचा कोपरा मोडला, तोंडात घातला, थांबले. गणू खाली मान घालून वाट पाहत होता, नेहमीसारखा. मी ओवाळलं. मग ठकीची पाळी. तिची पहिलीच भाऊबीज. बाळाला वहिनीने पाटावर धरलं होतं. ठकीने वाटीतल्या साखरेची चिमूट उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली, डोळे गच्च मिटले आणि थांबली. अगदी माझ्या आईसारखी, मान जराशी तिरकी करून.

वहिनी खुदकन हसली. "आजीची नक्कल करतीय बगा!"

"नक्कल नाय, रीत हाय," ठकी फणकारली. मग माझ्याकडे वळली. "पन आत्या, आधी आपन का खायाचं गं?"

मी गणूकडे पाहिलं. तेव्हा तो इतका लहान होता की त्याला काही आठवत नाही, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. त्याने मान वर केली. "सांग, आक्का," तो म्हणाला. "मला तुक्यानं सांगितलंय कवाच. पन घरातल्या कोनी नाय."

मग मी सांगितलं. निरांजनापुढे बसून, आईचं गाणं, आबांचा पाटा, पळसाचं पान, सगळं. वहिनीने मध्येच बाळाच्या गळ्यातला दोरा वर उचलून काढला आणि नख गणूच्या हातात दिलं. तो ते मुठीत धरून बसला. बाळाने रिकाम्या झालेल्या गळ्याशी हात नेला आणि ओठ काढले.

ठकी सगळं ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती, हिशेब जुळत नसला की पडते तशी.

"मंग आजीनं तवा का नाय आधी खाऊन बगितलं?" ती म्हणाली.

"घरातलं होतं ना ते," मी म्हटलं.